कूळ शोधता शोधता: कालव्याकाठच्या एका वस्तीचे प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून वस्तीचे आणि माणसांचे नाव कुठेही दिलेले नाही. काही बारीक तपशील मुद्दाम बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

मला मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचता येते, एवढ्या भांडवलावर लोक मला बोलावतात. अलीकडे बहुतेकांना कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली, जातीची नोंद हवी असते. कागद वाचून दिला की काम संपते. हे प्रकरण मात्र तसे नव्हते. कोपरगाव भागातल्या, गोदावरी कालव्याकाठच्या एका वस्तीवरून निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणतो. वस्तीवरच्या मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला होता आणि त्या निमित्ताने घराण्याची पुस्तिका काढायची होती. मूळ पुरुष कोण, कुठून आला, वस्ती कशी बसली, आणि शेवटी घडीच्या पानावर वंशावळ. मजकूर तयारच होता. "एक मोडी कागद तेवढा वाचून द्या, त्याचा फोटो छापायचाय," एवढीच मागणी.

कुटुंब मूळचे सासवडचे. कऱ्हेकाठी विहिरींवर मोटा चालवून बागाईत करणारे हे माळी शेतकरी पाण्यामागे कसे सरकत गेले, तो दख्खनच्या शेतीचा एक मोठाच अध्याय आहे. 1876-78च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, 1885 पासून त्याचे पाणी फिरू लागले आणि सासवडची कुटुंबे बारामतीकडे उसासाठी उतरली. पुढे गोदावरीचे आणि प्रवरेचे कालवे झाले तशी त्यांतली काही नगर जिल्ह्यात आली. 1932 मध्ये याच मंडळींनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. पण कारखाना ही नंतरची गोष्ट. पहिल्या पिढीचे सगळे गणित गुळावर होते: पुंड्या ऊस, चरक, काहील, चुलवाण, आणि गुळव्याचा हात चांगला लागला तर ढेपेला भाव.

स्थानिक शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीत ऊस का लावला नाही, असे आज वाटते. बाजरी-ज्वारीच्या जिरायतीवर जगणाऱ्याला उसाचे पीक म्हणजे जुगारच होता. पेंड विकत घ्या, पाणीपट्टी भरा, बैल वाढवा, मजूर आणा, आणि पैसा बारा-चौदा महिन्यांनी. त्यापेक्षा जमीन ठरावीक वर्षांसाठी खंडाने द्यावी आणि दरसाल रोख घ्यावी, हे कुणालाही शहाणपणाचे वाटले असते. सासवडहून आलेल्यांपैकी कितीतरी जण असे परक्या जमिनीवर खंडकरी म्हणून आले. हे लक्षात ठेवायचे, कारण पुढचा सगळा पेच इथेच आहे.

अडचण काय होती

मास्तरांच्या मजकुरात मूळ पुरुष, म्हणजे थोरले आबा, इ.स. 1840 साली एक बैलजोडी घेऊन या माळावर आले. तेव्हा इथे नुसता कुसळी माळ, चिटपाखरू नव्हते, जमीन बेवारस पडलेली. त्यांनी ती कसली आणि वस्ती बसवली. देवळाच्या नव्या पाटीवरही 'वस्तीचे संस्थापक' असे नाव आणि 'स्थापना इ.स. 1840' असे रंगवून झाले होते.

मी कागद हातात घेतला. ती कबुलायत होती, म्हणजे जमीन कसायला घेणाऱ्याने लिहून दिलेला कबुलीचा कागद, आणि सालाच्या आधी 'शके' होते. मोडीत ओळ आधी ओढतात आणि अक्षरे खाली अडकवत जातात, शब्द तोडून लिहीत नाहीत. त्यामुळे मागे कुणीतरी वाचताना 'शके' हा आधीच्या शब्दाचाच भाग समजला आणि आकडा तेवढा उचलला. शके 1840 म्हणजे इ.स. 1918-19. एका शब्दाने वस्ती अठ्ठ्याहत्तर वर्षे म्हातारी झाली होती.

खरे तर कागद नसता तरी शंका यायला हवी होती. ऊस बारमाही पाणी मागतो. गोदावरीच्या कालव्यांना नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातून उन्हाळ्यात पाणी मिळायचे ते दारणेच्या साठ्यावर, आणि दारणा धरण पूर्ण झाले 1916च्या सुमारास. 1840 मध्ये या माळावर सासवडचा बागाईतदार येऊन करणार काय?

मग वंशावळीत मधल्या दोन पिढ्या कुठून आल्या? आपल्याकडे आजोबाचे नाव नातवाला ठेवतात. कबुलायतीतले नाव आणि वडिलांचे नाव, दोन्ही मास्तरांच्या सख्ख्या आजोबांशी जुळत होती. पण साल 1840 धरल्यावर तो माणूस आजोबा असणे शक्यच नव्हते. म्हणून तो 'आजोबांचे आजोबा' झाला आणि मधली जागा तीच दोन नावे खालीवर फिरवून भरली गेली. यात कुणी खोटे बोलले नव्हते. चुकीच्या सालाचा हिशेब जुळवताना तसे झाले होते, इतकेच.

दुसरी गोची जास्त नाजूक होती. कबुलायतीत जमीनमालकाचे नाव स्पष्ट होते आणि थोरल्या आबांच्या नावाआधी 'कूळ' असे लिहिले होते. घरात हे आधी वाचले गेले होते ते 'अमुक कुळातले' अशा अर्थाने. मराठीत घराण्यालाही कूळ म्हणतात आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही कूळच म्हणतात. मास्तर कुळाचा इतिहास लिहीत होते आणि कागद सांगत होता की मूळ पुरुष कूळ होता. जमीन बेवारस नव्हती. ती जुन्या गावठाणातल्या एका घराची होती. त्या घराचे वंशज आजही तिथेच राहतात, आणि दोन्ही घरांच्या शेताला बांध एकच.

हे मी सांगितले तेव्हा मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही उपरेच?"

कोणते पर्याय समोर होते

सगळ्यात सोपे म्हणजे साल दुरुस्त करायचे आणि बाकी मजकूर तसाच ठेवायचा. मास्तरांच्या धाकट्या भावाचा कल तिकडेच होता. त्याचे म्हणणे, "पुस्तिका घरची आहे, कोर्टाचा निकाल नाही." यात दम नव्हता असे मी म्हणणार नाही. प्रत्येक घराला आपल्या गोष्टीचा हक्क असतो. पण 'बेवारस' हा शब्द दुसऱ्याच्या घरावर पडतो, तिथे तो हक्क संपतो.

इतिहास गाळून नुसती वंशावळ छापणे, हा दुसरा मार्ग. यात भांडण नाही, पण वाचायलाही काही उरत नाही. तिसरा मार्ग म्हणजे सगळे कागद, फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या सरकारी नोंदी), गट क्रमांकांसकट छापून टाकायचे. पुण्याला नोकरीला असलेला पुतण्या याच्या बाजूने होता, कारण त्याला ते 'पारदर्शक' वाटत होते. मी याला कडाडून विरोध केला. त्या दोन घरांत बांधावरून आधीच कुरबुर होती. छापील वंशावळीने कुणाचा हक्क येत नाही की जात नाही. पण वाद कोर्टात गेला तर जुनी छापील वंशावळ किंवा घराण्याची हकिकत कुणीही पुढे करू शकतो. देवळाच्या कार्यक्रमात वाटलेली पुस्तिका वकिलाच्या फायलीत जावी असे कुणाला वाटेल?

शेवटी ठरले ते असे: आधी खरे काय ते शोधायचे, मग त्यातले छापायचे काय ते ठरवायचे. ही दोन कामे वेगळी आहेत. घरच्या इतिहासात लोक नेमकी ती एकत्र करतात आणि मग छापता येणार नाही ते शोधतच नाहीत.

काय केले

पहिल्यांदा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज टाकून फेरफार आणि क.ड.ई. पत्रक या जुन्या महसुली कागदाच्या नकला काढल्या. त्यातून चित्र बरेच स्पष्ट झाले. जमीन एका तुकड्यात आली नव्हती. उसाची जमीन मुदतीच्या खंडाने होती. तिचा एक भाग पुढे थोरल्या आबांनी गुळाच्या पैशातून रीतसर खरेदीखताने घेतला आणि उरलेला मुदत संपल्यावर मालकाला परत गेला. वरच्या अंगाचा एक जिरायत तुकडा मात्र कूळ म्हणून वहिवाटीत राहिला आणि 1948च्या कूळकायद्याखाली, 1 एप्रिल 1957च्या कृषक दिनानंतर (कुळे मालक झाली असे कायद्याने मानलेला दिवस), कलम 32-ग प्रमाणे मालकाला द्यायची किंमत ठरून मास्तरांच्या घराच्या नावावर झाला. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कूळकायद्याने सगळी कुळे एका फटक्यात मालक झाली असे लोक समजतात. उसासाठी खंडाने दिलेल्या जमिनींना कलम 43-अ मुळे यातल्या बऱ्याच तरतुदी लागू नव्हत्या. म्हणूनच एकाच माणसाची एक जमीन परत गेली आणि दुसरी त्याची झाली.

तो जिरायत तुकडा, हेच शेजारच्या घराचे जुने दुखणे होते. आम्हाला ते तेव्हा माहीत नव्हते.

आणि इथे घोटाळा झाला. आमचे शोधणे चालू असताना पुतण्याने जुना, न सुधारलेला मजकूर भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो दोन दिवसांत शेजारच्या घरात पोचला. तिसऱ्या दिवशी त्या घरचे ऐंशीच्या पुढचे दादा काठी टेकत मास्तरांच्या ओट्यावर आले. मी तिथेच होतो. ओरडाआरडा काही नाही. चहा घेतला आणि म्हणाले, "मास्तर, लिवलंय झ्याक. पण आमचा आजा कुठाय यात? बेवारस म्हंजे काय, आमी मेलो व्हतो का?"

मास्तरांनी हात जोडले. मोडी कागद आणून त्यांच्या पुढे ठेवला आणि मला म्हणाले, "वाचा, मोठ्याने." मी मालकाचे नाव वाचले. दादांना मोडी येत नव्हते, पण आज्याचे नाव ऐकल्यावर त्यांनी कागदावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. नंतर जे बोलणे झाले ते कुठल्याही दफ्तरात मिळाले नसते. खंड रोखीत ठरला होता, पण दर गुऱ्हाळाला मालकाच्या घरी पहिली ढेप जायची. पहिली दोन वर्षे थोरल्या आबांना विहीर नव्हती, तेव्हा पिण्याचे पाणी मालकाच्याच आडावरून जायचे. आणि 1957 नंतर दोन्ही घरांचे जेवणखाण पंधरा-वीस वर्षे बंद होते.

दुसरा धागा मास्तरांच्या आत्याकडून मिळाला. वय नव्वदच्या वर, राहायला शेजारच्याच गावात, थोरल्या आबांची सख्खी मुलगी. मूळ पुरुषाची लेक हयात असताना तिला कुणी काही विचारले नव्हते, कारण सगळ्यांच्या लेखी मूळ पुरुष चार पिढ्या मागचा होता! आम्ही साल सांगितल्यावर ती हसली. "माझी आई आबांची दुसरी बायको. पहिली मानमोडीत गेली. आल्या सालीच. वस्तीवर माणूस नव्हतं खांद्याला, म्हणून गावातनं आले चौघं." मानमोडी म्हणजे 1918ची इन्फ्लुएंझाची साथ. ती इकडे त्या पावसाळ्याच्या अखेरीस भडकली होती, शके 1840च्या भाद्रपद-आश्विनात. कबुलायत त्याच वर्षाच्या पाडव्याची. म्हणजे या बाईने वस्तीवर जेमतेम सहा-सात महिने काढले.

वंशावळीत तिचे नाव नव्हते. वंश तिच्यापासून चालला नाही, म्हणून ती गळली. आत्यालाही नाव सांगता येईना.

म्हणून नाशिकला गेलो. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नाव सापडेल असा माझा अंदाज होता. पहिला दिवस वाया गेला, कारण आम्ही कोपरगावकडचे गाव सांगत होतो. या वह्या मूळ गावावर आणि आडनावावर लावलेल्या असतात. माणूस कुठे राहायला गेला याच्याशी त्यांचा संबंध नसतो. दुसऱ्या दिवशी 'सासवड' म्हटल्यावर गुरुजींनी वेगळीच वही काढली. शके 1840, मार्गशीर्ष. थोरले आबा अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. वडिलांचे नाव, स्वतःचे नाव, बरोबर आलेल्या भावाचे नाव, आणि मयत पत्नीचे नाव. ते मी इथे देत नाही, पण पुस्तिकेत आहे. मास्तरांनी ते नाव दोनदा वाचले. मग फोन काढून बायकोला सांगितले, आत्याला लगेच कळव.

नव्या अडचणी मात्र याच नोंदीने आणल्या. तो भाऊ कोण? वंशावळीत थोरले आबा एकुलते होते. शिवाय स्त्रियांची नावे छापायची म्हटल्यावर लेकींचाही प्रश्न आला. मास्तरांच्या धाकट्या भावाला धास्ती होती की मुलींची नावे छापली तर त्या वारस लागतील. त्याला समजावायला एक संध्याकाळ गेली. वारस कायद्याने लागतो, छापखान्याने नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो पुस्तिकेत नाव घातल्याने वाढत नाही आणि गाळल्याने बुडत नाही. तरी त्याचे समाधान पूर्ण झाले असे मला वाटत नाही. शेवटी त्याच्याच मुलीने, "माझं नाव नसेल तर मी कार्यक्रमाला येणार नाही," असे सांगितले आणि विषय संपला.

निष्पत्ती

पुस्तिका देवळाच्या कार्यक्रमाला निघू शकली नाही, चार महिने उशिरा आली. 'ओसाड', 'बेवारस' आणि 'संस्थापक' हे तिन्ही शब्द गेले. त्या जागी सरळ वाक्य आले: अमुक घराच्या जमिनीवर थोरले आबा शके 1840च्या पाडव्याला खंडाने आले आणि या शिवारात सासवडहून आलेले हे पहिले बिऱ्हाड. 'पहिले बिऱ्हाड' हा शब्द शेजारच्या दादांचा. मास्तरांना तो 'संस्थापक'पेक्षा आवडला. मला वाटते, त्यात चूल दिसते म्हणून.

गट क्रमांक, क्षेत्र, 32-ग ची किंमत यातले काहीही छापले नाही. कूळकायद्यावर एकच परिच्छेद आहे आणि त्यातली दोन वाक्ये शेजारच्या घराने आपल्या बाजूने लिहून दिली आहेत. ती मी बदलली नाहीत, एका ठिकाणी मला ती अन्यायाची वाटली तरीही. लेकी, सुना, पहिली बायको, सगळ्यांची नावे आली. दोन भरतीच्या पिढ्या काढल्यावर वंशावळ घडीच्या पानाऐवजी साध्या पानात बसली. पुतण्या थोडा हिरमुसला, त्याला मोठी घडी हवी होती.

बांधाचा वाद मिटलेला नाही. मोजणीचा अर्ज अजून पडून आहे.

देवळाच्या पाटीचे काम सगळ्यात स्वस्तात झाले. पेंटरने 'इ.स.' खरवडून तिथे 'शके' लिहिले, आकडा तसाच ठेवला. 'संस्थापक' मात्र पुसता आले नाही, ऑइलपेंट पक्का बसला होता. शेजारच्या दादांना ते दाखवले तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. देव बघून घेईल."

वेगळे काय करता आले असते

मजकूर बाहेर जायच्या आधी मालकाच्या घरी जायला हवे होते. कबुलायतीत त्या घराचे नाव पहिल्या दिवशी दिसले होते. मी मोडीवाला, माझे काम कागदापुरते, असे म्हणून मी गप्प बसलो. दादा भांडायला आले असते तरी तो त्यांचा हक्कच होता. ते चहा घेऊन बोलले, यात आमची काही हुशारी नाही.

आधी तहसील, मग माणसे, हा क्रमही चुकला. नकला कधीही मिळतात. ज्या दिवशी साल शके निघाले त्याच दिवशी आत्याकडे जायला हवे होते. आम्ही गेलो तीन आठवड्यांनी, आणि तेही रेकॉर्डिंग न करता. मी वहीत टिपून घेतले, पण ती ज्या चालीत बोलत होती, मध्येच गुऱ्हाळावरच्या ओळी म्हणत होती, ते वहीत येत नाही. दिवाळीनंतर पुन्हा बसायचे ठरले होते. ती दिवाळीच्या आधीच गेली.

भावाचा शोध लागला नाही. सासवडच्या भावकीत एकाने त्या नावाचा कुणीतरी माळीनगरकडे गेल्याचे ऐकले होते, पण त्याला आधार मिळेना. म्हणून वंशावळीत त्या नावाखाली एक रेघ ओढून ती मोकळी सोडली आहे. आत्याला दुसऱ्या बैठकीत विचारायच्या प्रश्नांची यादी माझ्या वहीत तशीच आहे. त्यातला पहिला: त्या पहिल्या बाईचं माहेर कुठलं?